सीट

इंग्रजांनी आपल्याला दिलेल्या शब्दांत ‘सीट’इतका बसका शब्द दुसरा नाही. तसा अर्थ साधा, बूड टेकायची जागा. पण आमचा शिंपी बुडालाच सीट म्हणतो आणि ‘साहेब, सीट दोन इंच वाढली!’ असं चारचौघांत पुकारतो. वडापवाल्याच्या लेखी तर मी स्वतःच सीट! ‘चला, एक शीट, एक शीट!’ म्हणत तो मला कोंबतो. विधानसभेत सीटा २८८, पण तिथे बसलेला माणूस म्हातारं कुणी आलं म्हणून उठत नाही. १९४८ पासून धावणाऱ्या आपल्या एस.टी.चा न्याय सरळ आहे. खिडकीतून रुमाल टाकला, की सीट आपली.

गेल्या वर्षी लेकीला मेडिकलची सीट हवी होती. वर्षभर येणारा-जाणारा विचारी, ‘लागली का सीट?’ शेवटची यादी लागली. तीत तिचं नाव नव्हतं. रुमाल टाकायला तिथे खिडकीच नव्हती हो! परत येताना स्टँडवर दोघंही गप्प. तेवढ्यात गाडी आली. मी, पन्नाशी उलटलेला गृहस्थ, गाडीमागे धावलो आणि खिडकीतून रुमाल फेकला. तिला बसवलं.

‘बाबा, सीट मिळाली,’ ती म्हणाली आणि चक्क हसली.

मी चार तास दांडीला लोंबकळत होतो. पण इतका ऐसपैस मी उभ्या जन्मात बसलो नव्हतो.