आम्ही जुनी गाडी घेतली

आमच्या घरात वाहन घेण्याची गोष्ट आजवर केवळ बोलण्यापुरतीच होती. थोरले बंधू वारल्यानंतर वहिनींनी मन रमावे म्हणून मेतकूट व थालिपिठाची भाजणी करून ओळखीच्या घरी देण्यास आरंभ केला. पुढे आमच्या सूनबाईंनी त्यात लक्ष घातले, आणि वाईतील दुकानांबरोबर पाचगणी-महाबळेश्वरची दुकानेही माल मागू लागली. हा माल कधी एस.टी.ने जाई, कधी भाड्याच्या उघड्या टेम्पोतून. २०२४ च्या आषाढात पसरणीच्या घाटात ताडपत्री फाटली आणि चाळीस किलो भाजणी भिजली. भिजलेल्या भाजणीचे काय होते हे गृहिणींस सांगावयास नको. त्या रात्री वहिनी जेवल्या नाहीत. पुढे काही महिन्यांनी त्यांनी आपला पाटल्यांचा जोड आमच्यापुढे ठेवला व म्हणाल्या, "भाऊजी, याची एक बंद गाडी आणा. मला आता या हातात घालून कोठे मिरवायचे आहे?"

पाटल्यांचे पैसे व सूनबाईंची धंद्यातील शिल्लक मिळून ३,२५,००० रुपये झाले. यावर एक रुपया घालावयाचा नाही आणि कर्ज काढावयाचे नाही, अशी वहिनींची सक्त ताकीद होती. एवढ्यात नवी बंद गाडी येत नाही. तेव्हा जुनी घेणे प्राप्तच झाले.

कोणती घ्यावी यावर आमच्या ओसरीवर आठवडाभर वाद चालला. धाकट्या पुतण्याच्या मनात मारुतीची ओम्नी होती. लहानपणी त्याने तीच पाहिलेली. १९८४ साली निघालेली ही गाडी टक्करीच्या सुरक्षेचे नवे नियम आल्यावर २०१९ मध्ये बंद झाली. चालविणाऱ्याचे गुडघे व समोरून येणारे वाहन यांच्यामध्ये पत्र्यावाचून फारसे काही नाही, हे एकदा ध्यानात आल्यावर सूनबाईंना त्यात बसविण्यास आमचे मन घेईना. २००५ साली आलेला टाटांचा एस, ज्याला बाजारात 'छोटा हाथी' म्हणतात, तो पाऊण टन माल वाहतो. पण तो बहुधा उघडाच मिळतो, आणि आमचे दुःख तर ताडपत्रीचेच होते. शेवटी मारुतीच्याच इको गाडीचा मालवाहू प्रकार ठरला. पुढे दोन आसने, मागे सगळी बंद जागा, बाजूस सरकते दार. पीठ कोरडे राहील आणि वहिनींची झोपही.

येथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण पुष्कळ घरे येथे फसतात. माणसे बसावयाची पांढऱ्या पाटीची गाडी घेऊन तीतूनच माल वाहावा, म्हणजे कर वाचेल, असा सल्ला देणारे शुभचिंतक आम्हांस तीन भेटले. अपघात झाल्यास विमा कंपनी प्रथम गाडीचा वापर कशासाठी होता हेच विचारते. मालाची गाडी म्हणजे पिवळी पाटी व काळी अक्षरे. आमच्या घरातील कनिष्ठांस दारात पिवळी पाटी उभी राहण्याची थोडी लाज वाटली. वहिनींस मुळीच वाटली नाही. तीन हजार किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालगाडीस वेगळे परमिट लागत नाही. सूनबाईंच्या परवान्याची शंकाही मिटली होती, कारण साडेसात हजार किलोपर्यंतचे मालवाहू वाहन साध्या हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालविता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला आहे.

आता आमच्या चुकीकडे येतो. आमचा एक जुना विद्यार्थी जुन्या गाड्यांचा व्यवहार करतो. त्याचे नाव व गाव येथे नको. आम्ही त्याच्या जागेवर गेलो, तेव्हा चार गिऱ्हाइकांदेखत त्याने आमचे पाय धरले. मग एक रुपेरी इको दाखविली. गाडी २०२० ची, अंगावर ओरखडा नाही, आत अत्तराचा वास, मीटरवर ३८,००० किलोमीटर, किंमत २,८५,०००. "गुरुजी, तुम्हाला फसवून मी कुठे तोंड दाखवणार?" असे तो म्हणाला. पाठशाळेत आम्ही चार प्रमाणे शिकलो होतो: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द. शब्द म्हणजे आप्ताचे, विश्वासपात्र माणसाचे वचन. विद्यार्थ्याचा नमस्कार हेच आप्तत्वाचे लक्षण, असे आम्ही कधी ठरवून टाकले कोणास ठाऊक. वर्षाच्या मानाने किंमत कमी आहे, ही गोष्ट आम्हांस शंकेची वाटण्याऐवजी गुरुदक्षिणेची वाटली! आम्ही तेथल्या तेथे ११,००० रुपये विसार दिला आणि घरी येऊन वहिनींस सांगितले, "गाडी ठरली. माणूस आमच्या हातचा आहे."

सूनबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र म्हणाल्या, "मामंजी, आपल्या मेस्त्रींना एकदा दाखवू या का?" खरे सांगावयाचे तर आम्हांस राग आला. हा आमच्या विद्यार्थ्यावरचा अविश्वास, आणि पर्यायाने आमच्यावरचा. पण पाटल्या वहिनींच्या होत्या, आम्ही गेलो.

मेस्त्रींनी प्रथम इंजिनाकडे पाहिलेच नाही. ते चालकाच्या आसनावर बसले आणि खांद्यावरचा पट्टा ओढू लागले. ओढत ओढत तो सगळा बाहेर काढला. रोज वापरात येणारा भाग स्वच्छ होता, पण गुंडाळून आत राहणाऱ्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट रेघ उमटलेली होती. मग त्यांनी पायाखालची चटई उचलली. आसनाच्या रुळांवर तांबेरा होता, आणि कोपऱ्यातील फटीत बोटाला लागेल इतका वाळलेला गाळ. मेस्त्री एवढेच म्हणाले, "पाटी एम.एच. १० ची आहे." आम्हांस अर्थ लागेना. सूनबाईंस लागला. १० हा सांगलीचा क्रमांक, आणि जुलै २०२१ मध्ये कृष्णेचा पूर सांगलीत शिरला होता. पट्टा ओला झाला तेव्हा तो गुंडाळलेला होता. धुणाऱ्याने सगळी गाडी धुतली, पण पट्टा पूर्ण ओढून धुण्याचे त्यास सुचले नाही.

या जातीच्या गाडीत इंजिन पुढच्या आसनांखालीच असते, त्यामुळे पाणी आसनापर्यंत चढले म्हणजे ते इंजिनावरून गेलेच. पुरातील गाडी दुरुस्त होऊन सुरू होते, कित्येक महिने चालतेही. परंतु तारांच्या जोडांत शिरलेला ओलावा आत हळूहळू गंज धरतो, आणि एके दिवशी घाटाच्या मध्यावर दिवे जातात किंवा इंजिन मूकपणे थांबते. अशा गाड्या विमा कंपन्या बाद ठरवितात, त्यांचा लिलाव होतो, आणि नंतर त्या अत्तर लावून पुन्हा बाजारात येतात. मीटरचेही तसेच. ३८,००० किलोमीटर चाललेल्या गाडीच्या ब्रेकच्या रबरावरील नक्षी पार झिजून जात नाही. येथे ते रबर आमच्या डोक्यासारखे गुळगुळीत झाले होते.

विद्यार्थी बाजूस उभा होता. आम्ही त्याच्याकडे पाहिले. "गुरुजी, मलाही ही अशीच मिळाली," असे तो म्हणाला. विसार त्याने दोन दिवसांनी एका मुलाच्या हाती परत पाठविला, त्यात एक रुपया कमी नव्हता. त्यास ठाऊक होते की नव्हते, हे आम्हांस आजतागायत कळलेले नाही. घरी आल्यावर वहिनींस काय सांगावे याचा विचार करीत आम्ही बराच वेळ घाटावर बसलो होतो. त्यांनी फक्त चहा पुढे केला.

पुढे दीड महिन्याने साताऱ्यास एका बेकरीवाल्याची गाडी निघाली. २०१८ ची, पांढरी, डाव्या कुशीस पोचा, मागच्या दारावर पावाच्या चित्राचे अर्धवट खरवडलेले अवशेष. मीटरवर ९६,०००, मागणी २,६०,०००. या वेळी आम्ही मौन धरले आणि मेस्त्रींस पुढे केले. ते पहाटे, न कळविता जाण्यास सांगत होते. कारण गिऱ्हाईक येण्यापूर्वी इंजिन तापवून ठेविले की थंडीतले दोष झाकले जातात. आम्ही सहाला पोहोचलो. मेस्त्रींनी इंजिनास हात लावून ते गार असल्याची खात्री केली व मग चालू करविले. पर्वतावरील धुरावरून अग्नीचे अनुमान करावयास आम्ही शिकलो होतो; धुराच्या रंगावरून रोगाचे अनुमान होते हे त्या दिवशी शिकलो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे, काळा म्हणजे पेट्रोल वाजवीपेक्षा अधिक जाते आहे, आणि इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर राहिला तर पाणी आत शिरते आहे. ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखा थर दिसला तरी तेच निदान. येथे यांपैकी काही नव्हते. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पुढचे टायर २०२३ चे निघाले, मागचे २०१९ चे. मागच्यांवर खाचा शिल्लक होत्या, पण रबरास भेगा गेलेल्या.

यानंतर सूनबाईंनी जे केले ते आमच्या स्वप्नातही आले नसते. त्या बेकरीवाल्यास म्हणाल्या, "काका, आम्हाला ही रिकामी चालवायची नाहीच. भरून बघू द्या." बेकरीवाला हसला आणि हो म्हणाला; आमच्या मते गाडीची निम्मी परीक्षा या 'हो' मध्येच झाली. वाईहून तांदळाच्या तीस-तीस किलोंच्या दहा गोण्या भरल्या, बेकरीवाल्यास शेजारी बसविले, आणि सूनबाई पसरणीचा घाट चढू लागल्या. मेस्त्री व आम्ही मागून स्कूटरवर. मधल्या चढावर त्यांनी गाडी थांबविली, हातब्रेक ओढून ती मागे सरकते का पाहिले, आणि पुन्हा हलविली. तेथे दोष कळला. इंजिनाचा आवाज वाढे, पण गाडीस त्या मानाने वेग येईना, आणि जळका वास आला. क्लच संपत आला होता. रिकाम्या गाडीत तो सपाट रस्त्यावर महिनाभरही कळला नसता. वर पोहोचेपर्यंत पाण्याचा काटा मात्र मध्यावरून हलला नाही, आणि उतरताना ब्रेक लावल्यावर गाडी कोणत्याही बाजूस ओढली नाही. क्लच बदलता येतो. वाकलेली चासी किंवा पुरात बुडालेल्या तारा बदलता येत नाहीत, असे मेस्त्री म्हणाले. क्लच व मागचे टायर पुढे करून सूनबाईंनी २,४५,००० वर सौदा आणला.

तरी पैसे दिले नाहीत. सरकारच्या 'वाहन' या संकेतस्थळावर नंबर घालून पाहिला, तेव्हा पासिंग व विमा ठीक, दंडाची चलने बाकी नाहीत, परंतु कर्जाचा बोजा अद्याप उभा. बेकरीवाल्याने कर्ज कधीच फेडले होते. बँकेचा दाखला व ३५ क्रमांकाचा फॉर्म आर.टी.ओ.त देण्याचे राहून गेले होते. तो सज्जन होता, म्हणाला, पैसे द्या, पुढच्या आठवड्यात उतरवतो. आमच्या तोंडाशी 'असू द्या' आले होते. वहिनींनी आमच्याकडे पाहिले. आम्ही म्हणालो, "बोजा उतरू द्या, मग २९ आणि ३० क्रमांकाच्या फॉर्मांवर सह्या, मग पैसे." त्यास अठरा दिवस लागले. चासी नंबर आर.सी. बुकाशी आम्ही स्वतः चष्मा लावून अंकागणिक ताडून पाहिला, कारण तेवढे काम आमच्या आवाक्यातले होते. क्लच, दोन टायर, विमा व नावावर चढविणे यांत पन्नास हजारांच्या आत खर्च आला. उरलेले पैसे वहिनींनी वेगळ्या डब्यात ठेविले आहेत, आणि त्यास कोणी हात लावावयाचा नाही. जुन्या गाडीस वर्षात एकदा तरी काही निघतेच.

२०२५ चा आषाढ कोरडा गेला नाही, भाजणी कोरडी गेली. दारावरचे पावाचे चित्र खरवडून काढावे असे आम्ही सुचविले, पण पाचगणीची दुकानदार मंडळी त्यावरूनच गाडी ओळखतात, म्हणून ते तसेच आहे.

ती रुपेरी गाडी पुढे कोणी घेतली हे कळले नाही. घाटात रुपेरी इको कडेला उभी दिसली, की आम्ही सूनबाईंस हळू घ्यावयास सांगतो आणि तिचा नंबर वाचतो.