गरम गाडीचं दुखणं

थंड गाडी सुरू होत नसेल तर कारण बहुधा सापडतं. बॅटरी उतरलेली असते, नाहीतर प्लगवर काजळी धरलेली असते. गरम गाडी बंद केल्यावर पुन्हा लागत नाही, हे दुखणं मात्र वेगळ्या जातीचं. तासाभरानं ती निमूट सुरू होते आणि गॅरेजात पोचेपर्यंत ठणठणीत असते. मिस्त्री सेल्फ मारतो, इंजिन एका दमात लागतं आणि तो सांगतो, "साहेब, गाडीत काही नाही." जुन्या गाडीवर जीव असलेल्या माणसाला याहून वाईट निदान दुसरं नाही.

मी ते पहिल्यांदा ऐकलं बाबांच्या फियाटपायी. कुर्ल्याच्या कारखान्यातून ती प्रीमियर पद्मिनी म्हणून बाहेर पडली होती, पण आमच्या घरात फियाटच. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, डॅशबोर्डखाली ओढायचा चोक. मे महिन्यात ठाण्याहून साताऱ्याला निघायचो. एक्स्प्रेसवे तेव्हा नव्हता. खोपोली मागे पडली की बोरघाट. शिंगरोबाच्या देवळाशी बाबा वेग कमी करून नाणं टाकायचे, आणि मग ट्रकांच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगत वर. चढताना गाडीनं कधी कुरकुर केली नाही. खंडाळ्याला चहा घेऊन परत बसलो की मात्र सेल्फ फिरतोय, इंजिन लागत नाही.

त्याचं कारण मला शाळेत असतानाच नीट कळलं, आणि अजूनही ते मला विलक्षण वाटतं. गाडी चालू असताना पंखा वारा घालतो, रेडिएटरचं पाणी फिरतं, टाकीतून गार पेट्रोल येत राहतं. किल्ली बंद केली की तिन्ही एकदम थांबतात. लोखंडात मुरलेली उष्णता तिथेच राहते. त्यामुळे बॉनेटखालच्या भागांचं तापमान गाडी बंद केल्यावर आधी चढतं, मग उतरतं. पेट्रोल म्हणजे अनेक द्रवांचं मिश्रण. त्यातले हलके द्रव चाळीस अंशांच्या आसपासच उकळायला लागतात. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून घाटमाथ्यावर जरा आधीच. आणि या गाड्यांचा पंप असतो पुढे, इंजिनाला चिकटलेला; मागच्या टाकीतलं पेट्रोल तो ओढून घेतो. ओढलं की नळीतला दाब आणखी उतरतो आणि पेट्रोलची वाफ होते. पंप हलत राहतो, पण वाफ नुसती दबते आणि फुगते. कार्बोरेटरकडे थेंब सरकत नाही. बाबा ओला पंचा पंपावर आणि नळीवर टाकून वाट बघायचे. घाटात बॉनेट उघडून असं उभं राहिलेलं कुणी ना कुणी दर उन्हाळ्यात दिसायचंच.

पण आमच्या गाडीचं हे वाढत गेलं. उन्हाळा नसतानाही व्हायला लागलं. ठाण्यात कार्बोरेटर उघडून साफ झाला, कॉइल बदलली, पंपही नवा बसवला. फरक शून्य.

साताऱ्यात एक वयस्कर मिस्त्री होते. बाबांनी गाडी रात्रभर थंड करून सकाळी त्यांच्याकडे नेली, तर ते बॉनेटला हात लावेनात. म्हणाले, "भाऊ, दुखतंय तवा आणा. यवतेश्वरचा घाट चढून या, येताना कुठं थांबू नका." आम्ही जाऊन आलो. त्यांनी गाडी अंगणात बंद करायला लावली, बॉनेट झाकलेलंच ठेवलं आणि पावएक तास आमच्याशी पावसापाण्याच्या गप्पा मारल्या. मग सेल्फ मारायला सांगितलं. लागली नाही. ते खूश झाले.

पुढचं सगळं मी त्यांच्या कोपराशी उभं राहून पाहिलं. आधी त्यांनी नुसता वास घेतला. वास भपकन आला असता तर रोग उलटा: कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळून आत सांडलेलं, म्हणजे ओव्हरफ्लो. तेव्हा चोकला हात न लावता अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा. वास नव्हता. मग प्लगची वायर काढून ठिणगी पाहिली, कारण तापलेली कॉइलही अशीच दगा देते आणि थंड झाली की साळसूद होते. ठिणगी निळी, करकरीत. म्हणजे करंट आहे, पेट्रोल नाही.

इंजिन निवल्यावर त्यांनी पंप उतरवला आणि माझ्या हातात दिला. मुठीएवढी वस्तू. वरच्या झाकणाखाली बारीक जाळी, दोन झडपा, मध्ये रबर चढवलेल्या कापडाचा पडदा, त्याखाली स्प्रिंग. आणि बाजूनं निघालेली एक चपटी दांडी, जी इंजिनाच्या पोटात जाऊन कॅमशाफ्टवर बसते. कॅमशाफ्ट फिरतो, दांडी हलते, पडदा खालीवर होतो. पडदा फाटला की खालच्या छिद्रातून पेट्रोल ठिबकतं किंवा ऑइलच्या पट्टीला पेट्रोलचा वास येतो, तेही त्यांनी दाखवलं. आमचा पडदा धड होता. दोष पंपात नव्हताच. पंप आणि इंजिन यांच्यामध्ये बॅकेलाइटचं जाड पॅकिंग असतं, इंजिनाची धग पंपापर्यंत येऊ न देणारं. आधीच कधीतरी पंप उतरवताना कुणीतरी ते काढून कागदाचं पातळ पॅकिंग लावलं होतं आणि नवा पंपही तसाच बसला होता. मिस्त्रींनी डब्यातून जाड पॅकिंग शोधून बसवलं. त्यानंतर ती फियाट विकेपर्यंत कुठे अडली नाही. निदान कशाला म्हणतात हे मी त्या अंगणात शिकलो, पुढे कॉलेजात नाही.

नंतर माझी गाडी आली, जुन्या बाजारातून घेतलेली, इंजेक्शनची. हिचा पंप विजेचा, टाकीतच बुडालेला. पेट्रोल मागून ढकलतो, तेही साधारण तीन बार दाबानं. जुन्या पंपाच्या दाबाच्या कितीतरी पट. इतक्या दाबाखाली पेट्रोल सहजी उकळत नाही, म्हणून गरम गाडीचा त्रास संपला असं मी धरून चाललो होतो. आणि एका दुपारी तेच: पेट्रोल भरून निघावं तर सेल्फ लांबच लांब.

यवतेश्वरचा धडा कामाला आला. गाडी गरम असतानाच किल्ली नुसती ऑन केली, सेल्फ न मारता. मागच्या सीटखालून दोनेक सेकंद घूं ऐकू आली. बंद करून पुन्हा ऑन, पुन्हा घूं. मग सेल्फ मारला आणि गाडी लगेच लागली. म्हणजे पंप जिवंत, पण बंद केल्यावर नळीतला दाब टिकत नव्हता. गॅरेजात गेज लावून घेतला, तर किल्ली बंद करताच काटा उतरताना दिसला. पंपातली, पेट्रोल मागे फिरू न देणारी झडप गेली होती.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. पण हौसेनं सांभाळलेल्या गाड्या अजून आहेत आणि आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे. जुन्या रबराला ते मानवत नाही. तुमच्याकडे अशी गाडी असेल तर पंपाचा पडदा आणि पेट्रोलच्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या बसवून घ्या. टाकीत बुडालेला पंप पेट्रोलनंच गार राहतो, तेव्हा रिझर्व्हवर गाडी पळवू नका. गरम इंजिनावर पेट्रोलची नळी कधीही उघडू नका, आणि गाडी अडली तर बॅटरी संपेपर्यंत सेल्फ मारत बसू नका. वास घ्या, ऐका. आणि मिस्त्रीकडे नेताना गाडी गरमच न्या.