चार चिमटी

वजनकाट्यावर मी आणि शेजारच्या खाटेवरचा माझा मित्र सारखेच, ६४ किलो. उंचीही दोघांची १७२ सेंटिमीटर. पण दोरावर तो सरसर चढतो आणि मी अर्ध्यात लोंबकळतो. असे का, ते या सत्रात कॅलिपरने दाखवले.

उस्ताद डाव्या हाताच्या चिमटीत कातडी चरबीसकट धरतात, स्नायूपासून सुटी करतात आणि बोटांच्या एक सेंटिमीटर खाली कॅलिपर लावतात. स्प्रिंग सोडली की दोन सेकंदांत आकडा वाचायचा. जागा चार: दंडाची पुढची बाजू, मागची बाजू, पाठीवर खांद्याच्या पात्याखाली आणि कमरेच्या हाडाच्या वर. घामेजलेली कातडी निसटते, म्हणून हे पीटीच्या आधी. (गुदगुल्या होतात ते वेगळेच.)

मित्राची बेरीज भरली ३० मिलिमीटर, माझी ५०. डर्निन आणि वॉमर्स्ली यांच्या १९७४ च्या सूत्राने आमच्या वयाला त्याची चरबी सुमारे १३ टक्के येते, माझी १९. म्हणजे माझ्या अंगावर जवळजवळ ४ किलो चरबी जास्त. सूत्र ग्लासगोच्या माणसांवरून बांधलेले, तीन-चार टक्के इकडेतिकडे होतात. इथे बंगळुरूतच सेंट जॉन्समध्ये अशा पद्धती भारतीय प्रौढांवर तपासल्या गेल्या आहेत. पण सूत्र बाजूला ठेवले तरी ३० आणि ५० मधला फरक उरतोच.

वर्गात हसू झाले. फोनवर बाबा मात्र हसले नाहीत. फौजेत त्यांच्या पट्ट्याचे भोक कधी बदलले नाही, तरी एक्केचाळिसाव्या वर्षी मधुमेह निघाला.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा जोडफोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचा २२.३, चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. याज्ञिकांच्या चमूने पुण्याजवळच्या खेड्यांत नवजात बाळांनाही कॅलिपर लावला होता. तिथल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडात साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५. एवढी किरकोळ बाळे, तरी पाठीवरची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती! हे बाबांना वाचून दाखवले. थोडा वेळ गप्प राहून ते म्हणाले, “मग तू दोर सोडू नकोस.”

उस्तादांनी जेवण कमी करायला मनाई केली आहे. अंडी, दूध आणि रोज पुलअप. दिवाळीच्या सुटीत कॅलिपर घरी न्यायची परवानगी मागितली आहे. बाबांच्या पाठीवर लावून बघायचा आहे.