यादीत नसलेलं ठिकाण

मुंबईत १९ वर्षं काढलेल्या माणसानं घारापुरीची लेणी पाहिलेली नसावीत, ही गोष्ट चारचौघांत सांगण्यासारखी नाही. त्यातून तो मराठीचा प्राध्यापक, म्हणजे कला आणि संस्कृती यांवर तासन् तास बोलणारा! पण खरं तेच सांगतो. गावाहून पाहुणे येत, घारापुरी पाहत, राणीची बाग पाहत, आणि रात्री आमच्याच पाटावर जेवताना आम्हांलाच मुंबईची माहिती सांगत. आम्ही म्हणत असू, "जाऊ की एकदा. इथंच तर आहे!"

ते 'इथंच' आता महिन्याचंच सोबती होतं. साताऱ्याच्या एका कॉलेजात मला जागा मिळाली. गाव माझं, घर वडिलोपार्जित. विचार तो काय करायचा? पत्र आलं त्याच दुपारी मी होकार कळवून टाकला आणि रात्री जेवताना घरात बातमी सांगितली. सौभाग्यवती म्हणाली, "बरं झालं. तुमच्या मनात होतंच." दुसऱ्या दिवशी तिनं बँकेत बदलीचा अर्ज दिला. ती जन्मानं गिरगावकर.

मग मी यादी केली. फुलस्केप कागदावर, समास सोडून, अनुक्रमांक घालून. घारापुरी, कान्हेरी, राजाबाई टॉवर... सौ.नं ती वाचली आणि काही न बोलता फ्रिजवर चिकटवली.

पहिल्या रविवारी गेटवेहून लाँच धरली. तासाभराचा प्रवास. बेटावर उतरल्यावर शंभरावर पायऱ्या, दोन्ही बाजूंना माळा-टोप्यांची दुकानं. एकेका दुकानात मी अगदी रस घेऊन पाहत होतो; खरं कारण दम लागला होता हे. वर गेल्यावर मात्र सारं विसरलो. अंधाराला डोळे सरावतात आणि समोरून ती सुमारे १८ फुटांची त्रिमूर्ती हळूहळू पुढं येते. मी घरून व्याख्यान तयार करून नेलं होतं. त्यातलं एक वाक्य आठवेना. सौ. शिवपार्वतीच्या लग्नाच्या शिल्पापाशी बराच वेळ उभी होती. मान खाली घातलेली पार्वती, आणि तिला मागून पुढं करणारे ते तिचे वडील, असं म्हणतात. "चेहरा किती शांत आहे हो," एवढंच ती म्हणाली.

घोटाळा केला चिरंजीवांनी. "बाबा, एलिफंटा म्हणतात, मग हत्ती कुठंय?" प्राध्यापक गप्प! शेजारच्या मंडळींना माहिती सांगणारा वाटाड्या हसून म्हणाला, "हत्ती भायखळ्याला. राणीच्या बागेत."

म्हणून दुसऱ्या रविवारी कान्हेरी रद्द आणि राणीची बाग. (तिचं नाव आता जिजामाता उद्यान, पण जुनी जीभ वळत नाही.) चिरंजीव पेंग्विनांकडे पळाले. आम्ही दोघं हत्तीपाशी. काळा, दगडी, मुकाट उभा. एव्हाना मी अभ्यास करून आलो होतो. म्हटलं, पोर्तुगीजांनी बेटाला नाव दिलं ते याच्यावरून. १८६४ साली इंग्रजांनी याला विलायतेला न्यायचं ठरवलं. यारीनं उचलताना खाली पडला आणि तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत आणले आणि १९१४ साली पुन्हा जोडून हा असा उभा केला. "हे सांधे बघ, अजून दिसतात!"

सौ. सांध्यांकडे पाहत होती. "लहानपणी दर सुट्टीत बाबा आणायचे इथं," ती म्हणाली. "हा मला ठाऊक होता. मोडलेला आहे हे ठाऊक नव्हतं." मग जरा थांबून, अगदी सहज आवाजात, "याला कुणी विचारलं होतं का हो, जायचंय का म्हणून?"

मी पेंग्विनांच्या दिशेनं पाहू लागलो.

त्या रात्री फ्रिजवरची यादी काढून मी तिच्यापुढं ठेवली. म्हटलं, "पुढचं ठिकाण तू सांग." तिनं कागद उलटा केला, थोडा वेळ पेन्सिल घेऊन बसली, आणि काही न लिहिताच म्हणाली, "गिरगावात जाऊ. बघण्यासारखं काही नाही तिथं."

तिसऱ्या रविवारी गेलो. सासऱ्यांच्या मागं ती चाळीतली खोली सुटली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. जिन्याचा लाकडी कठडा तोच. तिचा हात त्यावरून न बघता सरकत वर गेला. मी मागून पायऱ्या चाचपत होतो. खोलीच्या दारात नवं तोरण होतं, गॅलरीत कुणाच्या तरी शाळेच्या गणवेशाची दोरी. एक मुलगी वेणी घालीत उभी होती. आम्हांला पाहून तिनं विचारलं, "कोण पाहिजे?"

"कुणी नाही," सौ. म्हणाली.

पण ती लगेच वळली नाही. कठड्यावर हात टेकून तिनं खालच्या चौकात डोकावून पाहिलं. मुलीनंही पाहिलं, काय पडलं म्हणून. चिरंजीवांनीही पाहिलं. खाली नळाची बादली भरून वाहत होती. "अगं, नळ बंद करा कुणीतरी!" असं सौ. इतक्या ठसक्यात ओरडली की दोन दारं उघडली आणि खालून एक म्हातारा आवाज आला, "आले, आले!"

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा आमचं बिऱ्हाड साताऱ्यात लागलेलं असेल. राजाबाई टॉवर राहिला तो राहिलाच.