पुढच्या वर्षीच्या सचिवासाठी

मराठी विद्यार्थी मंडळाचे नवे पदाधिकारी माझ्याकडे येतात ते बहुधा ऑगस्टमध्ये, गणपतीच्या तोंडावर. सोबत कुणीतरी रात्र जागून काढलेलं बोधचिन्ह असतं, केशरीच्या दोन-तीन छटा असतात आणि "ताई, यंदा वेबसाइट एकदम भारी करायची" हा उत्साह असतो. बोधचिन्ह मी आवडीने बघते. मग विचारते, हे सगळं ज्या खात्यावरून चालणार ते कोणाच्या नावावर आहे, आणि तो मुलगा पुढच्या जूनमध्ये कुठे असेल?

उत्तर बहुतेकदा ठरलेलं असतं: खातं अध्यक्षाच्या स्वतःच्या जीमेलवर, आणि अध्यक्ष जूनमध्ये नोकरीसाठी पुण्याला किंवा हैदराबादला.

मी म्हैसूरच्या नजरबादेत राहते, कारंजी तलावापासून जवळ, आणि घरूनच संकेतस्थळं बनवते. हॉटेलं, दवाखाने, योगवर्ग हे माझं पोटापाण्याचं काम. मराठी विद्यार्थ्यांच्या मंडळाचं काम मी मनापासून करते आणि त्याचे पैसे घेत नाही. म्हैसूरला शिकायला मराठी मुलं सतत येत असतात. केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था इथे १९५० पासून आहे, वाक्-श्रवण संस्था १९६५ पासून, आणि विद्यापीठ तर १९१६ चं. कोणी अन्नप्रक्रिया शिकायला येतं, कोणी बोलण्या-ऐकण्याचे दोष बरे करण्याचं शास्त्र शिकायला, कोणी विद्यापीठाच्या मानसगंगोत्री परिसरात भाषाशास्त्र करायला. बहुतेकांचा मुक्काम दोन वर्षांचा. पहिल्या वर्षी मूल बुजलेलं असतं, दुसऱ्या वर्षी मंडळ चालवतं आणि निघून जातं. म्हणजे तीन वर्षांनी त्याच नावाच्या मंडळात आधीचं एकही माणूस उरलेलं नसतं. अशा मंडळाची इंटरनेटवरची जागा बांधायची म्हणजे जो अजून आलेलाच नाही त्याच्यासाठी बांधायची. रंग आणि छटा त्यानंतर.

मी राहते त्या भागाचा इतिहास इथे हटकून आठवतो. १७८७ च्या सुमाराला टिपू सुलतानाने म्हैसूरचा जुना किल्ला आणि गाव पाडायला लावलं आणि पूर्वेकडच्या उंचवट्यावर नवं नगर वसवायला घेतलं. तेच नजरबाद. जुन्या किल्ल्याचे दगड इकडे आणले. १७९९ मध्ये टिपू पडला, वडियारांचं राज्य परत आलं आणि तेच दगड पुन्हा जुन्या जागी नेऊन किल्ला उभा करण्यात आला. विद्यार्थी मंडळांत दर दोन वर्षांनी नेमकं हेच होतं. नव्या चमूला आधीचं पान आवडत नाही. इन्स्टाग्रामवर नवं खातं निघतं, फेसबुकवर नवं पान निघतं, आणि जुनं कुलूप लावल्यासारखं तसंच राहतं, कारण किल्ली कुठे आहे हे कोणालाच माहीत नसतं. शोधणाऱ्याला एकाच मंडळाची चार पानं दिसतात आणि त्यांतल्या तीन पानांवरचे फोन नंबर लागत नाहीत. राजांनी निदान दगड तरी परत वापरले. आपली मुलं मजकूरही नव्याने लिहितात.

म्हणून माझ्या कामातला सर्वांत मोठा भाग या कुलूपकिल्ल्यांचा आहे. मंडळाचा ईमेल मंडळाच्या नावाचा असावा, सचिवाच्या नावाचा नको. त्या ईमेलला जोडलेला फोन नंबर इथे कायम राहणाऱ्या माणसाचा असावा. विद्यार्थी गावी गेला, रिचार्ज थांबला, की काही महिन्यांत तो नंबर दुसऱ्या कोणाला दिला जातो, आणि मग मंडळाचा ओटीपी अनोळखी माणसाच्या हातात पडतो. दुहेरी पडताळणी लावली की आणीबाणीसाठी काही सांकेतिक अंक मिळतात. ते कागदावर छापून पाकिटात घालायचे आणि दोन वेगवेगळ्या घरांत ठेवायचे. संकेतस्थळाचं नाव विकत घेताना मालक म्हणून मंडळ लिहायचं आणि एकदम काही वर्षांचे पैसे भरून टाकायचे. मुदत संपली की थोडे दिवस सवलतीचे असतात, नंतरचे दिवस दंड भरून सोडवून घेण्याचे, आणि शेवटी ते नाव बाजारात मोकळं सुटतं. चांगल्या संस्थांची जुनी नावं जुगाराच्या जाहिरातींकडे गेलेली मी पाहिली आहेत. वर्षानुवर्षं छापलेल्या प्रत्येक पत्रिकेवरचा पत्ता मग जुगाराच्या अड्ड्यावर नेतो. हे टाळायला फार पैसे लागत नाहीत, एक टिपण लागतं.

कायम राहणारी माणसं म्हैसुरात आहेत, हे आमचं भाग्य. देशस्थ, भावसार, मराठा अशी घरं इथे पिढ्यान्‌पिढ्या नांदताहेत. त्यांची मराठी कानडीच्या वळणाने चालते, फार गोड लागते. मुलांना त्यांच्याकडे सणाला जेवायला जायची सवय असते. त्याच घरांपैकी दोन घरं आता मंडळाच्या किल्ल्या सांभाळतात. एका घरातल्या आजींना ईमेल उघडता येत नाही, पण पाकीट देवघराच्या कपाटात आहे आणि ते कोणाला द्यायचं, कोणाला नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. मला ही व्यवस्था कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा भक्कम वाटते.

जूनमध्ये हस्तांतराची एक बैठक होते. जुना सचिव आणि नवी सचिव शेजारी बसतात, प्रत्येक खातं उघडतात, पासवर्ड नव्या सचिवाच्या हाताने बदलला जातो आणि जुन्याचा प्रवेश काढून टाकला जातो. हे काढणं मुलांना अवघड जातं, अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. मी समजावते की यात विश्वासाचा प्रश्न नाही. ज्याच्यावर जबाबदारी उरली नाही त्याच्याकडे किल्लीही नको, हे त्याच्याच सोयीचं आहे.

आता पानावर काय असावं. इथे मी मुलांशी भांडते. त्यांना पहिल्या पडद्यावर सांस्कृतिक कार्यक्रमाचा मोठा फोटो हवा असतो. मला तिथे यवतमाळची ती मुलगी दिसत असते, जिला प्रवेशाचं पत्र आलंय आणि जिच्या घरातलं कोणीही म्हैसूरला गेलेलं नाही. तिच्या आईला जाणून घ्यायचंय की तिकडे ओळखीचं कोण आहे. तिच्या वडिलांना गाडीची माहिती हवी आहे. तेव्हा वरती हेच: दादरहून आठवड्यातून एकदा सुटणारी शरावती एक्सप्रेस पुणे-मिरजेवरून थेट येते, पंढरपूरहून गोलगुंबज एक्सप्रेस सोलापूर-विजापूरमार्गे थेट येते, बाकीच्या बऱ्याच जणांना बंगळूरला गाडी बदलावी लागते. खोली भाड्याने घेताना 'अॅडव्हान्स' म्हणजे अनामत, आणि ती काही महिन्यांच्या भाड्याइतकी असू शकते. मेसमध्ये भात आणि सारू रोज मिळेल; भाकरीची आठवण आली तर उत्तर कर्नाटकी खानावळीत जोळद रोट्टी मिळते, आणि ती आपली ज्वारीची भाकरीच. दसऱ्याच्या दहा दिवसांत आईवडिलांना बोलवायचं असेल तर लॉजची खोली फार आधी ठरवा, आणि जंबू सवारीच्या, म्हणजे हत्तींच्या मिरवणुकीच्या, दिवशी राजवाड्यापासून बन्नीमंटपापर्यंतच्या रस्त्यावर रिक्षा मिळण्याची आशा धरू नका. प्रत्येक माहितीखाली ती शेवटची कधी तपासली ती तारीख. तारीख नसलेली माहिती मला अपुरी वाटते, कारण वाचणाऱ्याने तिच्यावर किती विसंबावं हे त्याला कळत नाही.

हीच पानं सर्वांत जास्त उघडली जातात, प्रवेशाच्या दिवसांत आणि दसऱ्याच्या आधी. मुलांना ते एकदा दाखवलं की वाद मिटतो.

मजकूर शोधता यावा हेही पाहावं लागतं. शहराचं नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृतपणे मैसूरु झालं, मराठी माणूस म्हैसूर लिहितो, कोणी मैसूर लिहितं, आणि बरीच मुलं रोमन अक्षरांत टंकतात. ही सगळी रूपं पानावर कुठे ना कुठे सहजपणे आली पाहिजेत. आणि जे काही लिहायचं ते अक्षरांत लिहायचं. कार्यक्रमाचं सुंदर भित्तिपत्रक चित्र म्हणून चढवलं आणि खाली एक ओळही लिहिली नाही, तर शोधयंत्राने ते चित्र वाचलंच तर वाचलं, आणि अंध माणसाच्या फोनला त्यातून तारीख, वेळ, जागा मिळेलच असं नाही. आमच्याकडे हा आग्रह वाक्-श्रवण संस्थेच्या विद्यार्थ्यांनी धरला. ज्यांना ऐकू येत नाही अशी माणसं त्यांच्या रोजच्या कामात भेटतात, त्यामुळे चित्रफितीखाली मराठी शब्द हवेत हे त्यांना कोणी पटवून द्यावं लागलं नाही. काव्यवाचनाच्या फितीला ओळी लावायला वेळ लागतो, कंटाळवाणं काम आहे, पण त्यांनी ते नेमाने केलं. माझ्या मते मंडळाने आजवर केलेल्या कामांत हे फार मोलाचं.

एक बारीक गोष्ट, जिच्यावर माझा विशेष जीव आहे. पानाच्या आतल्या खुणेत भाषा मराठी अशी नोंदवायची असते. ती राहून गेली, किंवा तिथे हिंदी लिहिलं गेलं, तरी पान दिसतं, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. पण ती खूण बरोबर असेल तर ज्या फॉन्टमध्ये सोय आहे त्यात मराठी वळणाचा ल आणि श उमटतो, आणि पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मराठी आवाज असेल तर तो निवडतं. एका छोट्या शब्दाने डोळ्यांचं आणि कानांचं, दोन्हींचं काम होतं. परगावात आपलं अक्षर आपल्या वळणाचं दिसावं, यासाठी मी तासभर जास्त बसायला तयार असते.

पानावर कानडीही आहे. मंडळ काय आहे, कोणाचं आहे, भेटायचं कुठे, हे कानडीत लिहिलेलं आहे, आणि ते एका कानडी मैत्रिणीकडून तपासून घेतलेलं. गणपतीची परवानगी मागताना पोलीस ठाण्यात, सभागृह ठरवताना, घरमालकाला ओळख सांगताना मुलं तोच पत्ता दाखवतात. समोरच्याला आपल्याविषयी त्याच्या भाषेत वाचता येतं, तेव्हा बोलणं मोकळं होतं. सीमाभागातली मुलं हे आधीच जाणून असतात. बेळगावची मुलगी असेल तर कानडी मजकुराचं काम आपणहून घेते.

इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप नकोत असं मी म्हणत नाही. मुलं तिथेच असतात, तेव्हा बातमी तिथेच द्यावी. पण इन्स्टाग्रामची स्टोरी २४ तासांनी जाते, मजकुरातली लिंक दाबता येत नाही, आणि व्हॉट्सअॅपच्या ग्रुपमध्ये आज आलेल्या मुलीला गेल्या वर्षीचं काही दिसत नाही. तिथे बातमी द्यायची आणि मूळ गोष्ट आपल्या पत्त्यावर ठेवायची, एवढाच माझा नियम. दुसऱ्याच्या जागेत ठेवलेलं किती दिवस टिकतं हे आपण पाहिलंय. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं आणि त्यावरच्या मुलांच्या कट्ट्याच्या गप्पा, कार्यक्रमांची वर्णनं, कालांतराने सगळं घेऊन गेलं. २०२३ मध्ये गूगलने धोरण बदललं: दोन वर्षं न उघडलेलं वैयक्तिक खातं पुसलं जाऊ शकतं. मंडळाचे फोटो अशाच एखाद्या माजी अध्यक्षाच्या खात्यात असतील तर ते गेले म्हणून समजा. आमचा मजकूर आता साध्या फायलींत आहे, कोणी कधी काय बदललं याची नोंद आपोआप राहते आणि वर्षातून एकदा त्याची प्रत वेगळ्या डिस्कवर निघते. फोटो चढवण्याआधी त्यातल्या प्रत्येकाला विचारायचं, आणि कोणी नंतर काढा म्हटलं तर कारण न विचारता काढायचा.

विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं काही टिकतं का, असं मुलं कधी विचारतात. मी त्यांना 'प्रबुद्ध कर्नाटक'विषयी सांगते. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातल्या कर्नाटक संघाने, ए. आर. कृष्णशास्त्रींच्या पुढाकाराने, १९१९ च्या सुमाराला हे नियतकालिक काढलं. कॉलेजातला एक संघ तो. पुढे म्हैसूर विद्यापीठाने ते चालवायला घेतलं आणि कानडी साहित्यात त्याचं स्थान पक्कं झालं. मुलं येत-जात राहिली, पण जबाबदारी अशा हातांत गेली जे हात तिथेच राहणार होते. आपल्याकडचं उदाहरण म्हणजे सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयातला लिनक्स वापरणाऱ्यांचा गट. २००३ पासून विद्यार्थीच तो चालवतात, माणसं सतत बदलतात आणि नाव तेच राहतं.

यंदाच्या चमूने स्वतःहून एक नवं पान सुरू केलं आहे: प्रत्येक कार्यक्रम झाल्यावर त्याच आठवड्यात लिहायची नोंद. मूर्ती कोणत्या मातीची, कुठून आणली, प्रसादाला काय कमी पडलं, सभागृहाचा ध्वनिवर्धक कसा होता, खर्च किती झाला. वाचायला रुक्ष आहे, आणि मला त्याहून सुंदर पान गेल्या काही वर्षांत करायला मिळालं नव्हतं. शिवाय एका भावसार कुटुंबाकडे जुन्या स्नेहसंमेलनांचे फोटो निघाले आहेत, छापील, मागे नावं नसलेले. मुलं ते स्कॅन करताहेत आणि दर रविवारी दोन-तीन फोटो घेऊन आजी-आजोबांकडे बसतात, चेहरे ओळखून घेतात. ज्यांचा पत्ता लागतो त्यांना विचारून मगच फोटो पानावर जातो. काही जण परदेशातून उत्तर देतात, आणि उत्तरासोबत स्वतःकडचे फोटो पाठवतात. त्यामुळे काम संपायच्या ऐवजी वाढत चाललंय. दसऱ्याच्या आधी जेवढं होईल तेवढं चढवायचं आणि उरलेलं पुढच्या चमूच्या यादीत लिहून ठेवायचं, असं परवा ठरलं.