ठाण्याहून डोंबिवलीस, आण्णांच्या मोटारींतून

ठाणें आणि कल्याण हीं दोन्ही गांवें आमच्या पिढीनें बहुतेक आगगाडीच्या खिडकींतूनच पाहिलीं. त्यांत नवल कांहीं नाहीं. १८५३ च्या एप्रिलांत बोरीबंदराहून निघालेली उतारूंची पहिली गाडी ठाण्यासच येऊन थांबली, आणि पुढच्याच वर्षीं ती कल्याणास पोहोंचली. तेव्हांपासून ह्या खाडीकांठच्या मुलुखाचें आयुष्य रुळांना बांधलेलें आहे; गाड्यांचें वेळापत्रक हेंच येथलें पंचांग. ठाण्याहून डोंबिवलीस रस्त्यानें जावयाचें ज्याच्या मनांत येतें, त्याच्याकडे घरचीं माणसें कांहींशा काळजीनें पाहूं लागतात. गेल्या माघांत आम्ही तसे गेलों, तेंही १९७३ सालच्या मोटारींतून. त्या प्रवासाची, आणि त्याच्या आधींच्या दोन वर्षांच्या खटपटीची, हकीकत वाचकांस सादर करीत आहों.

मोटार आमच्या तीर्थरूपांची. घरांत आणि आळींत त्यांना सारे आण्णा म्हणत. हल्लींच्या मुलांना 'फियाट' म्हटलें कीं मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्स्याच आठवतात, आणि त्याही आतां आठवणींतच राहिल्या. शेवटची तसली टॅक्सी २०२३ च्या आक्टोबरांत रस्त्यावरून निघाली. ज्या कुर्ल्याच्या कारखान्यांत ही गाडी बने, तो शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं काढला. सोलापुरास जन्मलेल्या ह्या गृहस्थानें जहाजें, विमानें आणि मोटारी असे तिन्ही उद्योग पारतंत्र्याच्या काळांत हातीं घेतले, ही गोष्ट आमच्या लोकांना जितकी ठाऊक असावी तितकी नाहीं. प्रथम अमेरिकन क्रायस्लर कंपनीच्या गाड्या तेथें जुळविल्या गेल्या. पुढें १९५१ पासून इटलीच्या फियाटशीं संबंध जडला, आणि १९५४ सालीं 'अकराशें' ह्या नांवाची गाडी बाहेर पडली. वालचंदशेठ त्याच्या आदल्याच वर्षीं निवर्तले होते. १९७२ सालीं इटालियन नांव मागें पडून तीच गाडी 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली, आणि १९७४ पासून 'पद्मिनी'. आमची गाडी त्या मधल्या अल्पायुषी नांवाची. अर्थात् त्या नांवानें तिला कोणीच कधीं हांक मारली नाहीं.

विलायतेंत वडिलांकडून आलेली दोन आसनांची शर्यतीची मोटार नवी करण्यांत लोक आयुष्यें घालवितात असें वाचतों. आमच्या मध्यम स्थितीच्या घरांत शर्यतीची मोटार कोठून येणार? परंतु हीच १०८९ घनसेंटिमीटरांची फियाट मद्रासजवळ शोळावरमच्या जुन्या विमानांच्या धांवपट्टीवर शर्यती धांवत असे, आणि खंडाळ्याचा घाट चढतांना आण्णा सुकाणूच्या दांड्यावरचा गिअर खालीं ओढीत, तेव्हां मागें बसलेल्या आम्हां तीन भावंडांना तिच्यापेक्षां वेगवान वाहन जगांत आहे असें कधीं वाटलें नाहीं. पैसे भरून मोटारीसाठीं वर्षेंच्या वर्षें वाट पाहण्याचा तो काळ. आण्णांनीं नांव नोंदविलें तेव्हां थोरले बंधू शाळेंत जाऊं लागले होते. गाडी दाराशीं आली तेव्हां त्यांना मिसरूड फुटूं लागलें होतें.

आण्णा २०२२ सालीं गेले. त्याच्या आधींचीं अकरा वर्षें मोटार डोंबिवलीच्या आमच्या इमारतीमागें बदामाच्या झाडाखालीं जागेवरून हलली नव्हती. २००५ च्या २६ जुलैच्या प्रलयांत बैठकीपर्यंत पाणी चढलें, तें तिच्या तळांत जें बसलें तें बसलेंच. मग इमारत पाडून नवी बांधण्याचें ठरलें, आणि तीन महिन्यांत आवार मोकळें करावें अशी चिठ्ठी आली. भांडीं, पुस्तकें, देव्हारा ह्यांच्या वांटण्या बिनबोभाट झाल्या. अडलें तें मोटारीपाशीं.

दादांचें म्हणणें सरळ होतें: भंगारवाल्यास द्यावी. तो येऊन, पाहून, वजनावर किंमत सांगून गेला होता. आम्हीं विरोध केला तेव्हां दादा शांतपणें म्हणाले, "तुम्ही तिच्यांतून फिरलांत. मी तिला ढकललें. आण्णांच्या छातींत कळ आली त्या रात्रींही मीच ढकलीत होतों." ह्यावर काय बोलणार? वडिलार्जित वस्तूवर लोभ धाकट्यांचा असतो आणि भार थोरल्यांवर पडतो, असें एकत्र कुटुंबांत पुष्कळदां घडतें. दादांचा राग अस्थानीं होता असें आम्हांस तेव्हांही वाटलें नाहीं. आईला विचारलें तर ती म्हणाली, "तुमचें तुम्ही ठरवा," आणि शेंगा निवडीत राहिली. नागपुराहून ताईनें मात्र कळविलें कीं, सही पाहिजे असेल तेथें करीन, पण भंगाराच्या कागदावर करणार नाहीं.

सह्यांचा प्रश्न खराच होता. मोटारीचा मालक वारला कीं तीस दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावें लागतें, आणि वारसानें तीन महिन्यांत ३१ क्रमांकाचा अर्ज करून ती आपल्या नांवावर करून घ्यावयाची असते. बाकीच्या वारसांची संमति त्यास लागते. उशिराचा दंड भरून, बरेच हेलपाटे घालून, शेवटीं कल्याणच्या कार्यालयांत गाडी आमच्या नांवावर चढली. दादांनीं सही केली, वर एवढेंच म्हणाले, "दोन वर्षांत चालली नाहीं तर मग माझें ऐकावयाचें." तें आम्हीं कबूल केलें.

२०२१ सालीं सरकारनें पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठीं वेगळे नियम केले आहेत. वीस हजार रुपये भरून 'व्हीए' अक्षरांचा विशेष क्रमांक मिळतो. मात्र अशी गाडी रोजच्या उपयोगासाठीं रस्त्यावर आणतां येत नाहीं. प्रदर्शन, मेळावा, दुरुस्ती, पेट्रोल अशा कामांपुरतीच ती बाहेर निघावयाची. ज्यांची गाडी दिवाणखान्यांतील झुंबरासारखी आहे त्यांना हें ठीक असेल. आईला वैद्यांकडे नेतां येणार नसेल तर ती गाडी कसली? आम्हीं साधीच नोंदणी पुढें चालविण्याचा मार्ग धरला. त्यासाठीं दर पांच वर्षांनीं गाडी तपासणीस न्यावी लागते, न्यावी.

ठाण्याच्या वागळे इस्टेटींत कारखान्यांच्या शेडींमागें एक जुनें गॅरेज आहे. तेथील मिस्त्री मूळचे रत्नागिरीकडचे, वय सत्तरीच्या घरांत. क्रेनवरून उतरलेल्या गाडीभोंवतीं ते एकदां फिरले, खालीं वांकून पेचकसानें तळाचा पत्रा टोंचून पाहिला. पेचकस आरपार गेला. "साहेब, इंजिनाची काळजी करूं नका," ते म्हणाले. "मेलेलें इंजिन उठवतां येतें. पत्रा मेला कीं मेला."

झालेंही तसेंच. इंजिन जाम होतें; पिस्टन सिलिंडरला धरून बसले होते. चारी भोंकांत डिझेल आणि तेल ओतून आठ दिवस तसेंच ठेविलें, मग पुलीला पाना लावून तें हातानें थोडें थोडें हलविलें. नवव्या दिवशीं तें फिरलें. हेड उतरवून बोअर करून घेतले, वाढीव मापाचे पिस्टन आणि रिंगा घातल्या. व्हॉल्व्हच्या बैठकी मात्र बदलाव्या लागल्या, आणि त्याचें कारण सांगण्यासारखें आहे. जुन्या काळीं पेट्रोलांत शिसें घालीत. त्याचा पातळ थर व्हॉल्व्हच्या बैठकीवर बसून ती झिजूं देत नसे. २००० सालापासून आमच्या देशांत शिशाचें पेट्रोल बंद झालें. हवेच्या दृष्टीनें तें उत्तमच. पण ह्या वयाच्या इंजिनांना कठीण पोलादाच्या कड्या बसवून घेणें तेव्हांपासून शहाणपणाचें झालें. आतां पेट्रोलांत वीस टक्के इथेनॉल येतें, तें जुनें रबर मऊ करतें. म्हणून पंपाचा पडदा आणि पेट्रोलच्या नळ्या नव्या जातीच्या रबराच्या आणल्या. ब्रेक चारी चाकांना ड्रमचे. त्यांतील सिलिंडर गंजून दगड झाले होते, ते सरसकट फेंकले. वायरिंग उंदरांनीं आधींच उतरविलें होतें.

सुट्या भागांसाठीं कुर्ल्याच्या सी. एस. टी. रोडवर किती खेपा झाल्या त्याची गणती नाहीं. टॅक्स्या मोडींत निघत होत्या त्या वर्षांत फियाटचे भाग तेथें ढिगांनीं मिळत. आतां ते ढीग आटत चालले आहेत. ज्या गांवीं गाडी जन्मली त्याच गांवच्या मोडींतून तिचे अवयव शोधून आणावयाचे, ह्यांत कांहीं विचित्र समाधान होतें खरें.

पत्र्याच्या कामास सात महिने लागले. तळ कापतांना चालकाच्या पायांखालीं एक चौकोनी ठिगळ निघालें: गोड्या तेलाच्या डब्याचा पत्रा, रिव्हेटांनीं बसविलेला, वरून डांबर फांसलेला. तें काम आण्णांचें. रविवारीं दुपारीं बदामाच्या सावलींत ते खालीं शिरून काय करीत असत, तें आम्हांस त्या दिवशीं कळलें. तें ठिगळ तसेंच ठेवावें असें आमच्या मनांत फार होतें. मिस्त्री म्हणाले, "वडिलांचा हात आहे, मला समजतें. पण ब्रेकचा पाय ह्याच्यावर दाबणार ना?" ठिगळ काढलें. तें आतां आमच्या घरीं जिन्याखालीं आहे. डांबर घांसून काढल्यावर डब्यावरचीं अक्षरें अर्धीं वाचतां येतात.

रंगाविषयीं घरांत आठवडाभर चर्चा झाली. चिरंजीवांना लाल हवा होता. आम्हांला ती करड्या रंगाची आठवत होती, दादांना फिकट निळ्या. शेवटीं डॅशबोर्ड सोडवला तेव्हां त्यामागें मूळचा रंग हाताला न लागलेला सांपडला: फिकट निळा. दादांचें बरोबर होतें. तोच दिला, आणि तोही कारखान्यांतून आला असेल तेवढाच. आरशासारखी लकाकी आणून देतों असें रंगारी म्हणत होता, तें आम्हीं नाकारलें. नवी होती तेव्हां जी चमक नव्हती ती म्हातारपणीं कशाला?

तर माघांतल्या एका रविवारीं सकाळीं सहा वाजतां आम्ही मासुंद्यावरून निघालों. तलावावर अजून धुकें होतें आणि कौपिनेश्वराची घंटा ऐकूं येत होती. मुंब्र्यावरून शिळफाट्याचा रस्ता जवळचा; पण आईला दुर्गाडी पाहावयाची होती, म्हणून नाशिकच्या हमरस्त्यानें खाडी ओलांडून रांजणोलीस गेलों. भिवंडीच्या गोदामांकडे निघालेल्या मालमोटारींच्या रांगेंत आमची निळी गाडी म्हणजे हत्तींच्या मिरवणुकींत शिरलेलें वासरूं. सगळीकडे मेट्रोचे खांब उभे राहत आहेत. धूळ अशी कीं कांचा वर घ्याव्यात, आणि कांचा वर घेतल्या कीं इंजिनाची उष्णता पायांशीं जमते. कोनगांवापाशीं उष्णतेचा कांटा चढूं लागला, तेव्हां थांबून, झांकण उघडून, चहा घेतला. आई म्हणाली, "आण्णाही येथेंच थांबत." खरें म्हणजे ते कोठेंही थांबत.

कोन सोडलें कीं उल्हास नदीची खाडी आणि पलीकडे टेकाडावर दुर्गाडी. १६५७ सालीं कल्याण-भिवंडी शिवाजीमहाराजांच्या हातीं आलीं, आणि मराठी आरमाराचा आरंभ ह्याच खाडींत झाला असें इतिहासकार सांगतात. पुलावरून दिसणारी खाडी आतां त्या मानानें दीनवाणी झाली आहे. गाळ आणि जलपर्णी. आईनें खिडकींतूनच देवीला हात जोडले. एका रिक्षावाल्यानें बरोबरीनें रिक्षा चालवीत, गिअर दांड्यावर आहे कीं खालीं, असें ओरडून विचारलें. दांड्यावर म्हणतांच, त्याच्या वडिलांची टॅक्सीही तशीच होती असें सांगून तो पुढें निघून गेला.

कल्याणांत पत्रीपूल. ब्रिटिश अमदानींतील जुना पूल २०१८ सालीं उतरविला आणि नवा २०२१ च्या जानेवारींत खुला झाला. मधल्या दोन वर्षांत तेथें अडकून पडलेल्या माणसांनीं जे जप केले त्यांचें पुण्य कल्याणकरांना पुढें पुष्कळ दिवस पुरेल. तेथून शिळच्या रस्त्यास लागलों. ह्याच रस्त्यावर मानपाड्याच्या पुढें प्रीमियरचा दुसरा कारखाना होता. १९९४ सालीं फ्रान्सच्या पेजो कंपनीशीं करार होऊन तेथें '३०९' नांवाची मोटार बनूं लागली. थोड्याच वर्षांत मजुरांचे तंटे, पैशाची ओढ ह्यांत तो संसार मोडला, आणि फ्रेंच मंडळी निघून गेली. आमच्या आळींतील दोघे तेथें फिटर होते; कारखाना बंद पडल्यावर एकानें पोळीभाजी केंद्र काढलें, दुसरा गांवीं गेला. आज त्या बाजूस आकाशाला भिडणाऱ्या इमारती आहेत, परंतु सभेच्या जाहिरातींत 'प्रीमियर मैदान' हें नांव अजून छापून येतें. आमची गाडी कुर्ल्याची, येथली नव्हे. तरी वेग आपोआप कमी झाला. दारावरच्या तरुण पहारेकऱ्यास विचारलें, येथें पूर्वीं काय होतें? तो म्हणाला, "मोकळीच जागा होती."

नऊच्या सुमारास डोंबिवलीस पोहोंचलों. दादा भाड्याच्या घराच्या खालीं उभे होते. इमारत पूर्ण होईपर्यंत ते तेथें राहतात. त्यांनीं बॉनेट उघडावयास सांगितलें, इंजिनाचा आवाज ऐकला, मागें जाऊन धूर पाहिला, तळाच्या पत्र्यावर बुक्की मारली. मग वहिनींना हांक मारून म्हणाले, "चप्पल घाला." दोघें अर्ध्या तासानें परत आलीं. नव्या इमारतींत प्रत्येक घरास एकच गाडी ठेवावयाची जागा आहे, आणि दादांची छोटी मोटार तीन वर्षांपूर्वींचीच आहे. ती विकून जागा मोकळी करावी कीं काय, ह्याचा विचार ते करीत आहेत असें वहिनींकडून कळतें. तोंवर पावसाळाभर फियाट ठाण्यास आमच्या पडवीखालीं, आणि दिवाळीपासून पाडव्यापर्यंत डोंबिवलीस, असें ठरलें आहे. किल्ल्या दोन आहेत. एक दादांनीं मागून घेतली, दुसरी आईनें.