वेळापत्रकातला अंधार

2007-08च्या सुमारास खान्देशातल्या खेड्यात दळण कधी टाकायचं, हे भारनियमनाच्या वेळापत्रकावर ठरायचं. वर्तमानपत्राच्या जिल्ह्याच्या पानावर तास छापून येत. चोपडा तालुक्यातल्या आमच्या गावी ते कात्रण गिरणीच्या दाराला, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि किराणा दुकानात चिकटवलेलं असे. सकाळचे काही तास, संध्याकाळचे काही तास, मध्ये पुन्हा थोडे. उन्हाळ्यात ही बेरीज बारा तासांच्या पुढे जाई. ज्वारीचे डबे आदल्या रात्रीच गिरणीपुढे रांगेत लागत आणि लाईट आली की गिरणीवाला पहिल्या डब्यापासून सुरू करी. पाण्याचंही तेच. विहिरीवरची मोटार चालल्याशिवाय टाकी भरत नसे, टाकी भरल्याशिवाय नळ येत नसे. म्हणून पहाटेची लाईट असेल त्या दिवशी बायका तीनलाच उठून हंडे-कळशा मांडत.

संध्याकाळी लाईट जाण्याआधी आई कंदिलाची काच चुलीतल्या राखेने पुसून ठेवी, वात कातरून ठेवी. रॉकेल रेशनचं, मोजकं. त्यामुळे स्वयंपाकघरात चिमणी आणि अभ्यासाला कंदील, अशी वाटणी ठरलेली. मार्च आला की दहावीची मुलं मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर एका गॅसबत्तीभोवती बसत. ती गॅसबत्ती गावाने वर्गणीतून घेतलेली होती. एप्रिल-मे मध्ये दिवसा पारा 44-45 अंशांवर जाई. मग दिवस मावळला की तापलेल्या मातीच्या धाब्यावर पाणी शिंपडायचं, जरा निवलं की गोधड्या टाकायच्या. गल्लीतली धाबी एकमेकांना लागून. एका घरावर कुणी गोष्ट सुरू केली की तिसऱ्या घरावरून हुंकार येई. कापसाला काय भाव लागला, कुणाच्या मुलीचं कुठे जमलं, कुणाची म्हैस व्याली, सगळं तिथेच कळायचं. आणि मग केव्हातरी खालचे दिवे लागत आणि सगळ्या गल्लीतून पोरांची एकच आरोळी उठे, ‘लाईट उनी!’ मला ती आरोळी फार आवडायची. तिच्यात बागाईतदाराचं पोर कुठलं आणि सालदाराचं कुठलं, हे ओळखू येत नसे.

पण धाब्यावरच्या त्या रात्री आठवताना वडिलांच्या रात्री बाजूला ठेवता येत नाहीत. केळीचं पाणी मे महिन्यात चुकलं की पानं करपतात, निसवलेल्या बागेचं तर मोठं नुकसान होतं. शेतीची थ्री फेज लाईट पाळीने मिळे, काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री दहा तास. रात्रीची पाळी आली की वडील जेवण करून बॅटरी आणि काठी घेऊन निघत. सातपुड्याच्या पायथ्याचं शिवार. साप, विंचू, रानडुकरं, पुढे पुढे बिबट्याची भीतीही. लाईट आली तरी मोटार चालेलच असं नसे. सगळ्यांनी स्टार्टरला ऑटो स्विच लावलेले, त्यामुळे लाईट येताक्षणी शिवारातल्या साऱ्या मोटारी एकदम सुरू होत, व्होल्टेज पडे, डीपीवरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचा, फ्यूज उडे. डीपीच जळाली तर शेतकऱ्यांनीच वर्गणी काढून ती ट्रॅक्टरमधून न्यायची, आणि दुसरी बसेपर्यंत बाग कोरडी. वडील घरी येईपर्यंत आई झोपत नसे. त्या काळाबद्दल हळवं होऊन लिहिणाऱ्याने हेही लिहिलं पाहिजे.

तो अंधार आभाळातून पडलेला नव्हता. दाभोळचा एन्रॉनचा प्रकल्प 2001 मध्ये बंद पडला, नवे संच पुरेसे उभे राहिले नाहीत आणि मागणी वाढत राहिली. 2005 मध्ये वीज मंडळाच्या महानिर्मिती, महापारेषण, महावितरण अशा कंपन्या झाल्या, तेव्हा राज्याचा तुटवडा हजारो मेगावॉटचा होता. गळती जास्त आणि वसुली कमी तिथे भारनियमनाचे तास जास्त, अशी गटवारी झाली. शेतीपंपांच्या लांबच लांब लाइनींचा आमचा भाग साहजिकच खालच्या गटात. पुण्याने 2006 मध्ये कारखान्यांच्या जनरेटरची वीज आणि ग्राहकांकडून थोडे जास्त पैसे, असा मार्ग काढून आपली सुटका करून घेतली. मुंबईच्या बहुतेक भागाला तर भारनियमन माहीतच नव्हतं. 12 ऑक्टोबर 2020 ला तिथली वीज काही तास गेली, तर देशभर बातमी झाली.

मला आजही खुपते ती गोष्ट दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राची. भुसावळहून वरणगावकडे जाताना त्या उंच चिमण्या दिसतात. 1968 पासून तिथे कोळसा जळतोय. पाणी तापीवरच्या हतनूर धरणाचं, राख वेल्हाळ्याच्या तलावात, उन्हाळा आधीच राज्यातल्या सर्वांत कडक उन्हाळ्यांपैकी एक. वीज मात्र ग्रिडमध्ये जाते आणि ग्रिडला जिल्हा नसतो, हे मला शिकवलं गेलं. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरही आहे. पण कोणाला किती तास अंधार, हे ग्रिड ठरवत नाही, माणसं ठरवतात.

पुढे बरंच बदललं, आणि चांगलं बदललं. गावठाणाची लाइन शेतीच्या लाइनीपासून वेगळी झाली, त्यामुळे घरात सिंगल फेज दिवसभर राहू लागली. डिसेंबर 2012 पर्यंत राज्य भारनियमनमुक्त करण्याची घोषणा झाली होती. जास्त गळतीचे भाग वगळता ती बऱ्याच अंशी खरी ठरली. दीपनगरला 500 मेगावॉटचे दोन संच आले, मग 660चा. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरू लागल्या आणि शिवाजीनगरच्या माळावर 2013 मध्ये महानिर्मितीचा 125 मेगावॉटचा सौर प्रकल्प सुरू झाला. धुळ्याचा माळ राज्याला वीज पुरवणारा झाला. त्याची किंमतही धुळ्यानेच दिली. दोंडाईचाजवळच्या विखरणचा एक वृद्ध शेतकरी वीज प्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीचा मोबदला मागत राहिला आणि जानेवारी 2018 मध्ये मंत्रालयात विष पिऊन गेला.

मी आता धुळ्यात देवपूरला राहते. घरात इन्व्हर्टर आहे, कूलर आहे, शेजाऱ्यांकडे एसी आहेत. लाईट जाते, पण तिचं वेळापत्रक नसतं. मोबाईलवर ‘दुरुस्ती’चा निरोप येतो किंवा तोही येत नाही. ती गेली तरी इन्व्हर्टरच्या घरातल्यांना कळतही नाही. कळतं ते पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्याला. आमच्या गल्लीत दोघांनी छतावर सौर पॅनेल बसवली. बाहेरची लाईट गेली की तीही बंद होतात, हे त्यांना नंतर समजलं. खांबावर चढलेल्या वायरमनला झटका बसू नये म्हणून ग्रिडला जोडलेली यंत्रणा तशीच बनवतात. रात्रीसाठी बॅटरी वेगळी घ्यावी लागते.

आणि तुटवडा इतिहासजमा झालेला नाही. एप्रिल 2022 मध्ये उन्हाळा लवकर भडकला, औष्णिक केंद्रांचे कोळशाचे साठे खाली गेले, कोळशाच्या मालगाड्यांना वाट मिळावी म्हणून देशात शेकडो प्रवासी फेऱ्या रद्द झाल्या. महाराष्ट्रात भारनियमन परतलं आणि पहिली कात्री पुन्हा जास्त गळतीच्या लाइनींवर, म्हणजे फीडरवर, चालली. 30 मे 2024 ला देशाची मागणी सुमारे 250 गिगावॉटवर गेली, तोवरचा उच्चांक. दुपारी सौर वीज मुबलक असते. खरी ओढाताण सूर्य मावळल्यावर, एसी, कूलर आणि स्वयंपाकघरं एकदम चालू होतात तेव्हा. त्या तासांना आजही मुख्य आधार कोळशाचाच. पुढचा तुटवडा आला तर तो बहुतेक संध्याकाळीच येईल, म्हणजे आमच्या लहानपणी कंदील लागायचा त्याच वेळी.

त्या दिवसांतलं मला परत हवं आहे ते गिरणीच्या दारावरचं कात्रण. त्यात अन्याय होता, पण तो छापलेला होता. कुठल्या गटाला किती तास, हे वाचता येत होतं, म्हणून मोर्चे निघत, आमदाराला गावात अडवता येई, गळती कमी केली तर तास कमी होतील असा हिशेब मांडता येई. आज फीडरवर किती वेळ लाईट नव्हती, हे मोजलं जातं. ते गावाच्या फळ्यावर लागत नाही. कोळसा कमी पडणार असेल तर आधी सांगा, फीडरच्या नावासकट तास लिहा, आणि त्या यादीत मोठी शहरंही असू द्या.

शेतीच्या लाइनी सौर विजेवर चालवून शेतकऱ्याला दिवसा पाणी देण्याची सरकारी योजना 2017 पासून आहे, 2023 नंतर तिला वेग आला. ज्या शिवारात ती पोचली तिथली माणसं रात्री घरी झोपतात, हे मी पाहिलं आहे. माझ्या चुलतभावाच्या फीडरवर ती अजून यायची आहे. या आठवड्यात त्याची रात्रीची पाळी आहे.